कॅमेरा वहीवर वळवा

गेल्या अंकात मी पहिली ते चौथीच्या मुलांच्या ऑनलाइन तासांबद्दल पत्रं मागवली होती. कुणाचं मूल आजारपणामुळे घरून शिकतंय, कुणाच्या शाळेने आठवड्यातले काही तास पडद्यावर नेलेत, कुणी शाळेपासून फार लांब राहतंय. कारणं वेगळी, पण अडचणी एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. मी 32 वर्षं प्राथमिकला शिकवलं. 2020 साली शाळा बंद झाल्या तेव्हा दुसरीचा वर्ग माझ्याकडे होता, आणि पुढचे कितीतरी महिने मी मुलांना फक्त पडद्यावर भेटत होते. त्या काळात माझ्या बऱ्याच चुका झाल्या. खालची उत्तरं मुख्यतः त्या चुकांमधून आलेली आहेत.

प्रश्न : माझा मुलगा पहिलीत आहे. रोज 40 मिनिटांचे दोन तास असतात. दहाव्या मिनिटाला तो खुर्चीवरून घसरायला लागतो, पंधराव्याला टेबलाखाली असतो. मी शेजारी बसून त्याचा दंड धरून ठेवते. तास संपेपर्यंत आम्ही दोघंही रडकुंडीला आलेले असतो. त्याचं लक्ष कसं लावू?
— एक आई

उत्तर : आधी दंड सोडा. तुम्ही दमला आहात हे पत्रातून कळतं, पण हे धरून ठेवणं तुम्हालाही नको आणि त्यालाही नको.

सहा वर्षांचं मूल वर्गातसुद्धा सलग 40 मिनिटं बसत नाही. ते आपल्या लक्षात येत नाही, कारण वर्गात उठायला निमित्तं पुष्कळ असतात. पेन्सिलीला टोक करायचं, शेजाऱ्याच्या वहीत डोकवायचं, फळ्यापाशी जायचं, पाणी प्यायचं, खोडरबर पडला म्हणून बाकाखाली शिरायचं. मी याला कधी बेशिस्त म्हटलं नाही. एवढ्याशा जिवाला बसून राहण्यासाठी अशी हालचाल लागतेच. पडद्यासमोर ही सगळी निमित्तं संपतात आणि त्याच्यापाशी एकच वाट उरते, टेबलाखालची.

तुमच्या पत्रातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे तो दहा मिनिटं ऐकतो. या वयाला दहा मिनिटं पुरेशी आहेत, तास त्यांवर रचायचा. त्याच्या बाईंशी बोला. आठ-दहा मिनिटं बघायचं आणि ऐकायचं, मग पडद्याकडे पाठ करून सात-आठ मिनिटं हाताने काहीतरी करायचं, मग परत येऊन ते दाखवायचं. ‘घरातल्या पाच गोल वस्तू आण’ असं सांगितलं तरी त्याचे पाय मोकळे होतात आणि गोल म्हणजे काय हेही कळतं. तुमच्या बाई लगेच तयार झाल्या नाहीत, तर निदान त्याला उभं राहून तास करू द्या. उभ्या मुलाचे कान बंद होत नाहीत.

लांबून शिकवणं काही आजचं नाही. ऑस्ट्रेलियात 1951 साली ॲलिस स्प्रिंग्ज इथून रेडिओवरची शाळा सुरू झाली, शेकडो किलोमीटरवरच्या एकाकी घरांमधल्या मुलांसाठी. रेडिओवर शिक्षकांचा आवाज दिवसातला थोडा वेळच यायचा. बाकीचा अभ्यास टपालाने आलेल्या कागदांवर, घरातल्या मोठ्या माणसाच्या सोबतीने, टेबलावर चालायचा. एवढ्याशा यंत्रावर त्या लोकांनी दिवसभराचा भार टाकला नाही. आपल्याकडे चित्र दिसणारं यंत्र आलं आणि आपण सगळी शाळाच त्यात कोंबायला निघालो.

आणखी एक बारीकशी गोष्ट. त्याचे पाय जमिनीला टेकतात का? मोठ्यांच्या खुर्चीत बसलेल्या मुलाचे पाय लोंबकळतात, मांडीला कड रुततो, आणि ते घसरतच जातं. पायाखाली एक पाट किंवा पुस्तकांचा गठ्ठा ठेवून बघा. माझ्या वर्गातल्या दोन मुलांची ‘चुळबुळ’ एवढ्यानेच निम्मी झाली होती.

प्रश्न : मुलगा आणि सून कामावर जातात, म्हणून नातीच्या तासाला मी शेजारी बसतो. ती दुसरीत आहे. बाईंनी प्रश्न विचारला की ती माझ्याकडे बघते आणि मी हळूच सांगतो. सगळ्यांसमोर तिला उत्तर आलं नाही तर तिला वाईट वाटेल, म्हणून. सूनबाई म्हणतात, बाबा, सांगू नका. माझं चुकतं का?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, तुमची माया चुकीची नाही. पण सूनबाईंचं म्हणणं ऐका.

माझ्या वर्गात एक मुलगी होती. प्रश्न विचारला की तिची नजर आधी डावीकडे जायची, मग उत्तर यायचं, आणि ते दरवेळी बरोबर असायचं. वाचनही अस्खलित. पुढे तीन महिन्यांनी एकदा तिच्याकडून वाचून घेताना मी तिला सांगितलं, फोन वहीच्या वर धर, मला तुझं बोट बघायचंय. ती धडा घडाघडा म्हणत होती आणि बोट भलत्याच ओळीवर होतं. मग मी तिला ओळ उलटीकडून, शेवटच्या शब्दापासून वाचायला सांगितली. पहिल्याच शब्दाला ती थांबली आणि पुन्हा डावीकडे बघितलं. तिला धडा पाठ होता, अक्षरं येत नव्हती. जोडाक्षर आलं की सगळंच अडायचं. घरच्यांनी कौतुकाने, मनापासून तिला सांभाळून घेतलं होतं, आणि मी तीन महिने तिचा चेहरा बघत राहिले. ते तीन महिने भरून काढायला आम्हाला पुढचं अख्खं सत्र लागलं. ही चूक मी घरच्यांच्या माथी मारत नाही. मी बोट आधी बघायला हवं होतं.

शिक्षकाला मुलाच्या बरोबर उत्तराचा जेवढा उपयोग होतो, त्याहून कितीतरी जास्त चुकीच्या उत्तराचा होतो. नात ‘प्रकाश’चं ‘परकाश’ वाचते हे बाईंना ऐकू आलं तर उद्या त्या जोडाक्षर घेतील. तुम्ही ‘प्रकाश’ सांगितलंत, तर उद्या पुढचा धडा.

मग तुम्ही करायचं काय? शेजारून उठून समोर बसा, फोनच्या किंवा संगणकाच्या मागे. म्हणजे तिने तुमच्याकडे बघितलं तरी ती बाईंकडेच बघते आहे असं होईल, आणि तिलाही तुमचा हसरा चेहरा दिसेल. प्रश्न आला की मनातल्या मनात दहापर्यंत मोजा. बहुतेक वेळा सातच्या आसपास मूल स्वतः बोलायला लागतं.

आणि तुमचं खरं काम तास संपल्यावर सुरू होतं. पडदा मिटला, वही मिटली, की अर्ध्या तासाने तिला म्हणा, ‘मला नीट ऐकू आलं नाही बघ, आज बाईंनी काय शिकवलं ते मला सांग.’ ती आठवून आठवून सांगेल, मध्ये अडेल, पुन्हा आठवेल. हे आठवणंच शिकणं आहे. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. ज्यांनी मजकूर पुन्हा पुन्हा वाचला त्यांच्यापेक्षा, ज्यांनी एकदा वाचून नंतर तो आठवून लिहिला त्यांच्या आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिलं होतं. ते विद्यार्थी मोठे होते हे खरं, पण सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत माझा अनुभव वेगळा नाही. तिने काही चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त करू नका. ‘असं का गं?’ एवढंच विचारा. आजोबांना शिकवायला मिळालं म्हणून ती दुसऱ्या दिवशी तासाला कान टवकारून बसेल.

प्रश्न : मुलगी तिसरीत. तिच्या ॲपमध्ये वजाबाकीचे 200 च्या वर तारे झालेत. परवा सहज कागदावर 52 वजा 17 दिलं तर उत्तर आलं 45. ॲप बंद करू का?
— एक वडील

उत्तर : बंद करायची घाई नको, पण त्या 45 कडे नीट बघा. ती चूक निष्काळजीपणाची नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून तिने सातातून दोन वजा केले, पाच. मग पाचातून एक, चार. म्हणजे तिच्या मनात नियम पक्का आहे की मोठ्यातून लहान वजा करायचं, वर-खाली काहीही असो. तिसरीतल्या कितीतरी मुलांचा हा नियम असतो. तिला विचारलंत तर ती आत्मविश्वासाने समजावून सांगेल.

ॲपमध्ये हे लपलं कसं? चार पर्याय असले की नुसत्या अंदाजाने चारातलं एक बरोबर येतं. एक चुकलं की लगेच लाल होतं, मग उरलेल्या तीनातलं एक. शिवाय हातच्यासाठी चौकोन आधीच काढलेला असतो आणि आकडे आपोआप एकाखाली एक बसतात. मुलाने ठरवायच्या गोष्टी यंत्रानेच ठरवून टाकलेल्या. कागदावर मात्र एककाखाली एकक तिलाच मांडावं लागतं.

दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे रबराने बांधा आणि दोन सुट्या काड्या ठेवा. आता म्हणा, यातून सतरा काड्या मला दे. ती एक गठ्ठा आणि दोन सुट्या देईल, आणखी पाच हव्यात म्हणून थांबेल, आणि मग स्वतःच एका गठ्ठ्याचं रबर काढेल. त्या क्षणी बोलू नका. गठ्ठा सुटण्याचा तो क्षण म्हणजे हातच्याची वजाबाकी. पडद्यावरच्या गठ्ठ्याला रबर नसतं, तो टिचकीने फुटतो. बोटांनी रबर ताणून काढणं वेगळं.

मग ॲप चालू ठेवायचं तर एका अटीवर. गणित दिसलं की आधी वहीत सोडवायचं, उत्तर लिहायचं, मग पडद्यावर बोट लावायचं. दिवसाला पाचच गणितं. तारे कमी मिळतील, मिळू देत.

लिहिण्याच्या बाबतीतही हेच. पहिलीच्या मुलांना काचेवर बोटाने ‘क’ गिरवायला देतात, आणि त्यालाच लेखन समजतात, हे मला पटत नाही. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच वर्षांच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांच्या मेंदूचं चित्रण केलं होतं. ज्या मुलांनी अक्षर हाताने स्वतः काढलं होतं, त्यांच्या मेंदूतले वाचनाशी जोडलेले भाग नंतर ते अक्षर बघताना जागे झाले. कळ दाबणाऱ्या किंवा ठिपके गिरवणाऱ्या मुलांत तसं दिसलं नाही. स्वतः काढलेला ‘क’ वाकडा असतो, प्रत्येक वेळी निराळा असतो, आणि बहुधा त्यातूनच मूल ‘क’ ओळखायला शिकतं.

प्रश्न : मी दुसरीला शिकवते. 34 मुलं. आठवड्यातले तीन दिवस ऑनलाइन. कविता एकत्र म्हणायला लावली की नुसता गोंगाट होतो. टाळ्यांचा खेळ घेतला, तर टाळ्या ऐकूच येत नाहीत. मुलं ‘स’ म्हणतात की ‘श’ तेही कळत नाही. वह्या तर मला दिसतच नाहीत. वर्गात मला शिकवता येतं, मग इथे का जमत नाही?
— एक शिक्षिका

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचून मला माझा पहिला आठवडा आठवला. मीही सगळ्यांना कविता एकत्र म्हणायला लावली होती आणि वाटलं होतं, मुलंच नीट म्हणत नाहीत.

यात मुलांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. माणसं समोरासमोर बोलतात तेव्हा एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. इंटरनेटवर आवाज जाऊन यायलाच कधी कधी तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ जातो, आणि प्रत्येक घरचा उशीर वेगळा. त्यामुळे 34 आवाज एका तालात पोचणं शक्यच नाही. वर व्हिडिओ कॉलची ही सॉफ्टवेअरं एका वेळी एकाच बोलणाऱ्याचा आवाज पुढे आणतात आणि बाकीचे दाबतात. टाळी तर त्यांना गोंगाटच वाटते, ती गाळून टाकतात. वर्गातलं समूहगान पडद्यावर जसंच्या तसं नेता येत नाही. मी शेवटी असं केलं. सगळ्यांचे माईक बंद. मी कविता म्हणते, मुलं आपापल्या घरात मोठ्याने म्हणतात, मी त्यांचे ओठ आणि हात बघते. मग एकाच मुलाचा माईक सुरू, दुसरं कडवं त्याचं. टाळ्यांऐवजी कागद उंच धरणं, डोक्यावर हात, उभं राहणं, म्हणजे दिसेल असा ताल.

‘स’ आणि ‘श’चंही तसंच. या घर्षकांतला, म्हणजे हवा घासत बाहेर पडणाऱ्या आवाजांतला, फरक उंच पट्टीच्या सुसकाऱ्यात असतो, आणि साध्या माईकमध्ये नेमका तोच भाग विरतो. अशा वेळी कानावर विसंबू नका. तुमचा चेहरा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ न्या, ओठ आणि दात दिसू देत. ‘प’ आणि ‘फ’ साठी कागदाची पातळ पट्टी तोंडासमोर धरा. ‘प’ म्हणताना ती जेमतेम हलते, ‘फ’ म्हणताना उडते. मुलांना हा प्रयोग इतका आवडतो की ती दिवसभर पट्ट्या उडवत बसतात.

आता वह्यांबद्दल. याबद्दल मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे, कारण माझा वर्ग इथे बदलला.

आपण मुलांना सांगतो, कॅमेरा सुरू ठेव, चेहरा दाखव. चेहऱ्यावरून हजेरी कळते, थोडंफार मन कळतं. पण दुसरीच्या मुलाचं शिकणं त्याच्या हातात दिसतं. ‘ळ’ कुठून सुरू केला, पेन्सिल मुठीत धरली आहे का, खोडून खोडून कागद फाटलाय का, बेरीज करताना बोटं टेबलाखाली मोजतोय का. वर्गात मी दिवसभर बाकांमधून फिरायची ती हेच बघायला. पडद्यावर ते फिरणं बंद झालं, आणि मुलांचं लेखन कुठे अडतंय हे मला दिसेनासं झालं.

मग आम्ही असं केलं. टेबलावर पुस्तकांचे दोन सारखे गठ्ठे, साधारण वीत-दीड वीत उंच, मध्ये वही मावेल एवढं अंतर. त्यांवर दोन फूटपट्ट्या आडव्या टाकायच्या. फोन त्यांवर उताणा, पडदा वर करून ठेवायचा, मागचा कॅमेरा पट्ट्यांच्या फटीतून खाली वहीकडे बघेल असा. मागचाच कॅमेरा वापरायचा. पुढच्या कॅमेऱ्यात मुलाला स्वतःची वही बहुधा आरशातल्यासारखी उलटी दिसते, आणि ज्या वयात मुलं आधीच 3 आणि 6 उलटे काढतात, त्या वयात हा गोंधळ नको. आवाज तुमचा येतच असतो. पहिल्या दिवशी आठ मुलांच्या वह्या पडद्यावर शेजारी शेजारी उघडल्या तेव्हा मला भरून आलं. कितीतरी आठवड्यांनी मी पुन्हा बाकांमधून चालत होते.

आठच मुलं, हे मुद्दाम सांगते. 34 मुलांना एक तास देण्याऐवजी सहा-सात मुलांचे पाच गट करा, प्रत्येकाला 20 मिनिटं. तुमची 100 मिनिटं जातील, पण मुलाची 20 च, आणि त्या 20 मध्ये त्याचं नाव चार वेळा घेतलं जाईल. नावाला फार महत्त्व आहे. 2014 सालच्या एका प्रयोगात दोन-अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन प्रकारे शिकवली. समोर बसून, व्हिडिओ कॉलवर, आणि दुसऱ्याच मुलाशी बोलतानाच्या ध्वनिचित्रफितीतून. पहिल्या दोन्हींत मुलं शिकली, तिसऱ्यात नाही. पडदा तिन्हींपैकी दोघांत होता. व्हिडिओ कॉलवरचं माणूस त्या मुलाला उत्तर देत होतं, चित्रफितीतलं देत नव्हतं. आपली मुलं त्यांहून मोठी आहेत, पण 34 चौकोनांच्या तासात आपणही हळूहळू चित्रफीत होऊन जातो.

आणि प्रश्न विचारल्यावर थांबा. अमेरिकेतल्या शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात वर्गांमधल्या ध्वनिफिती मोजून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात. पडद्यावर त्या तीनात आणखी दोन घाला. मूल माईकचं बटण शोधतंय.

तुमची मुख्याध्यापकांशी गटांबद्दल ओढाताण होईल. माझी झाली होती. दोन गटांचे दोन आठवडे करून दाखवा आणि त्या मुलांच्या वह्या टेबलावर ठेवा. मी तसंच केलं.

प्रश्न : घरात एक फोन, मुलं दोन. मोठी नऊ वर्षांची, धाकटा सहाचा. आम्ही दोघं दिवसभर बाहेर. मोठी त्याचा तास घेते, मग तिचा बुडतो.
— एक आई

उत्तर : मोठीला बाई करू नका. ती करेल, मनापासून करेल, आणि तिचं बालपण आणि तिचा अभ्यास दोन्ही मागे पडेल. शाळेला स्पष्ट लिहून कळवा की घरात एकच फोन आहे. लाजू नका, तुमच्यासारखी घरं प्रत्येक वर्गात असतात आणि कुणी सांगत नाही म्हणून शिक्षकांना कळत नाही. फोन तिच्या तासाला तिचा. धाकट्यासाठी त्याच्या बाईंना एवढंच विचारा, संध्याकाळी तुम्ही घरी असताना आठवड्यातून एकदा साधा फोन कराल का?

साध्या फोनला कमी लेखू नका. बोट्स्वानामध्ये 2020 साली शाळा बंद असताना हजारो कुटुंबांवर हा प्रयोग झाला. काही घरी फक्त गणिताचे एसएमएस पाठवले, काही घरी एसएमएसबरोबर आठवड्याला 20 मिनिटांच्या आसपास साधा फोन केला आणि पालक व मूल दोघांशी बोलून एक गणित सोडवून घेतलं. नुसत्या एसएमएसने फारसं काही झालं नाही. फोन आलेल्या घरातली मुलं गणितात ठळकपणे पुढे गेली. ना चित्र, ना इंटरनेट. कुणीतरी त्या मुलासाठी वेळ काढून बोलत होतं.

प्रश्न : डोळ्यांचं काय? चश्मा लागेल का?
— तीन पालकांनी हेच विचारलं आहे.

उत्तर : जमेल तेवढा मोठा पडदा, हातभर अंतरावर. दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघायचं. पण याहून महत्त्वाचं, दिवसा उजेडी घराबाहेर. चीनमध्ये ग्वांगचौ शहरात पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जास्त बाहेर काढलं. 2015 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत त्यांच्यातल्या सुमारे 30 टक्के मुलांना लांबचं अंधुक दिसण्याचा, म्हणजे उणे नंबर लागला, बाहेर न काढलेल्यांत सुमारे 40 टक्के. म्हणजे बाहेर जाणं हा ऑनलाइन अभ्यासाचाच भाग धरा, उरलेल्या वेळात करायची मौज नाही. मूल मान तिरकी करून किंवा डोळे बारीक करून बघत असेल तर तास सोडून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : बाई, मी तिसरीत आहे. माझं नाव छापू नका. ऑनलाइन तासाला मला सारखा माझाच चेहरा दिसतो. माझे दात पडलेत. मी कॅमेरा बंद केला तर बाई म्हणतात, तू आहेस का नाहीस. मी असते. काय करू?

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. मला माहीत आहे, तू असतेस.

तुला वाटतं ते अगदी खरं आहे. मोठ्या माणसांनाही दिवसभर स्वतःचा चेहरा बघून थकायला होतं. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एका प्राध्यापकांनी 2021 साली हेच लिहिलं होतं. शाळेत तुझ्या बाकासमोर आरसा ठेवलेला नसतो ना? मग इथे तरी कशाला हवा?

आईला किंवा बाबांना हे वाक्य दाखव. तास चालू असताना तुझ्या चौकोनावर तीन टिंबं असतात, त्यांत स्वतःचं चित्र लपवायची सोय बऱ्याच ठिकाणी असते. ते दाबलं की बाईंना तू दिसतेस, पण तुला तू दिसत नाहीस. तशी सोय नसेल तर तुझ्या चौकोनावर एक छोटा कागद चिकटव, त्यावर तुला आवडेल ते चित्र काढ.

आणि बाईंना विचार, ‘मी कॅमेरा माझ्या वहीवर वळवू का?’ मी ताईंना वर जे पुस्तकांच्या गठ्ठ्यांचं सांगितलंय, ते आईकडून वाचून घे. मग बाईंना दिसेल तुझा हात, तुझी पेन्सिल, तू लिहिलेलं. त्यांना कळेल तू आहेस. तुझ्या बाईंनी हे पान वाचलं तर त्या नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं.

दातांचं म्हणशील, तर माझ्या दुसरी-तिसरीच्या वर्गात दरवर्षी निम्म्या मुलांचे पुढचे दात नसायचे आणि मला ‘स’ शिकवायला फार कष्ट पडायचे. तुझा नवा दात अर्धा वर आला की मला कळव. आणि त्या पत्रात तुझ्या वहीचं एक पान ठेव, खोडलेलं, गिरवलेलं, जसं असेल तसं. नीट करून पाठवू नकोस.